कॅमेरा कुणाच्या घरात उतरतो? गावाकडच्या सिनेमातलं प्रतिनिधित्व, सोप्या भाषेत

गावाकडचा एखादा कौटुंबिक सिनेमा गाजला की आठवड्याभरात ठरलेला वाद सुरू होतो. कुणी विचारतं, ‘यात आमची माणसं कुठायत?’ लगेच दुसरं कुणी म्हणतं, ‘सिनेमात कशाला जातपात आणता, गोष्ट बघा की!’ मग कुणीतरी ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द काढतं आणि निम्मी मंडळी तिथूनच काढता पाय घेतात. शब्द जड आहे खरा, पण त्यामागचा मामला सोपा आहे. शिवाय तो कळला की सिनेमा बघायला जास्त मजा येते, असा माझा अनुभव आहे.

प्रतिनिधित्वाचे साधारण तीन थर धरता येतात. पडद्यावर कोण दिसतं, हा पहिला. दिसणाऱ्याला गोष्टीत काय करायला मिळतं, हा दुसरा. आणि ही सगळी गोष्ट सांगतंय कोण, म्हणजे लेखक, दिग्दर्शक, पैसा घालणारा, आवाज टिपणारा, हा तिसरा. चर्चा बहुतेक वेळा पहिल्याच थरावर अडकते, कारण तो मोजता येतो. मी स्वतः एक ढोबळ माप वापरतो: कॅमेरा मुक्कामाला कुणाच्या घरी उतरलाय? पडद्यावरच्या गावात चाळीस चेहरे असतील, पण चुलीपाशी, माजघरात, भांडणानंतरच्या अबोल्यात कॅमेरा एखाद-दुसऱ्याच कुटुंबासोबत असतो. त्या घरातली माणसं आपल्याला नावानिशी कळतात. त्यांना भूक लागते, राग येतो, त्यांचं चुकतं. बाकीचे सगळे नुसते ‘गावकरी’.

मोजायचं म्हटलं तर

मोजणीला नावं ठेवायचं काही कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ११.८ टक्के होती, अनुसूचित जमातींची ९.४ टक्के आणि मुस्लिमांची ११.५ टक्के. म्हणजे जवळपास दर तीन माणसांमागे एक जण या तीन गटांतला. आता आठवतील तेवढे जुने ग्रामीण मराठी चित्रपट डोळ्यांसमोर आणा आणि त्यांतल्या कितींमध्ये कॅमेरा यांच्या घरात मुक्कामाला होता, ते बोटांवर मोजून बघा. मला एका हाताची बोटं पुरतात.

अमेरिकेत हे मोजमाप थेट नियमांत उतरलंय. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं २०२० मध्ये समावेशकतेचे चार निकष जाहीर केले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या गटासाठी त्यांतले किमान दोन पूर्ण करणं सक्तीचं झालं. पडद्यावरचे कलाकार आणि कथाविषय, पडद्यामागचे प्रमुख लोक, शिकाऊ उमेदवारांना संधी, प्रसिद्धी-वितरणातली माणसं असे ते चार. त्यात वंश आहे, लिंग आहे, लैंगिकता आहे, अपंगत्व आहे. जात नाही. यात त्यांचा दोष नाही, त्यांनी आपला समाज बघून यादी केली. पण तीच फूटपट्टी उचलून सोलापूर जिल्ह्यातल्या गावाला लावली, तर गावातली सगळ्यात उंच भिंतच मोजायची राहून जाते.

दुसरं एक माप बायकांसाठी वापरतात. अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधल्या एका चित्रपट्टीतून ते आलं. सिनेमात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलायला हव्यात. हॉलिवूडचे भलेभले सिनेमे यात नापास होतात. आपले ग्रामीण कौटुंबिक सिनेमे मात्र चांगल्या मार्कांनी पास व्हावेत! ‘माहेरची साडी’ (१९९१) घ्या. सासू-सून, नणंद-भावजय, शेजारीपाजारी, बायकांच्या बोलण्याला तोटा नाही. तरी त्या सुनेच्या वाट्याला सोसण्यापलीकडे काय येतं? बायका एकमेकींशी बोलतात की नाही हे कसोटी सांगते. घरातला निर्णय कुणाच्या हातात आहे, हे ती सांगत नाही.

आणि जातींचे कप्पे करून मोजायला बसलात, तर कप्पेही सरळ नाहीत. कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. माणसं तीच, टोपल्या विणण्याचा पिढीजात धंदा तोच, जिल्हा बदलला की सरकारी रकाना बदलतो. ‘आमच्या सिनेमात अमुक टक्के अमुक समाज’ असं म्हणणाऱ्यानं आधी आपण कुठल्या जिल्ह्यात उभे आहोत ते सांगावं.

वाडा आणि गावकुसाबाहेर

जुन्या ग्रामीण मराठी सिनेमाचा नकाशा एकदा काढून बघण्यासारखा आहे. मधोमध पाटलाचा वाडा. त्यापुढे चावडी आणि देऊळ. बाजूला पाटलाचा मळा, तिथे मोट किंवा मग विहिरीवरची मोटर. जत्रेच्या मैदानात तमाशाचा तंबू. तंबूतल्या बाईला या सिनेमानं भरपूर जागा दिली. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला, तो काही उगाच नाही. पण तमासगिरीण म्हटलं की फड, प्रेम आणि बदनामी. तिची आई काय शिजवते, भाऊ काय करतो, म्हातारपणी तिला कोण बघतं, तिकडे कॅमेरा फारसा वळला नाही. आणि नकाशाच्या कडेला, ओढ्यापलीकडे, जी वस्ती असायची, तिथून बातमी आणणारा, हाळी देणारा किंवा मार खाणारा एखादा माणूस फ्रेममध्ये यायचा आणि काम झालं की जायचा.

पाटील खलनायक असला तरी गोष्ट वाड्यातच राहायची, हे लक्षात ठेवावं. निळू फुले यांनी मिशीआडून हसणारा सत्ताधारी इतका जबरदस्त उभा केला की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर घाबरायच्या म्हणतात. (प्रत्यक्षातला हा माणूस राष्ट्र सेवा दलातून घडलेला.) पण वाईट म्हणून का होईना, वाडाच केंद्रात. खलनायकालाही घर मिळतं, झोपाळा मिळतो, एकटेपणा मिळतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला प्रसंग मिळतो.

याचं सगळ्यात चांगलं आणि गुंतागुंतीचं उदाहरण म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’, १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न त्यातून बाहेर पडून थेट राजकारणात रूढ झाला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि दारूत बुडालेला मास्तर यांच्यातला सामना गावातून नाहीशा झालेल्या मारुतीबद्दलच्या त्या एका प्रश्नाभोवती फिरतो. सिनेमा धाडसी होता, आजही अंगावर येतो. तरी मुक्कामाचं माप लावून बघा. मारुती कांबळेचं नाव अख्ख्या चित्रपटात घुमतं आणि आपला जास्तीत जास्त वेळ जातो तो ज्याच्यावर ठपका आहे आणि जो जाब विचारतोय अशा दोघांसोबत. सिनेमा वाईट ठरावा म्हणून मी हे सांगत नाही. १९७५ साली गावातल्या सत्तेवर इतकं थेट बोलणाऱ्या सिनेमालाही गोष्ट कुठून सांगायची याचं उत्तर कसं आपोआप सुचलं, ते बघण्यासारखं आहे.

दोन वर्षांनी याच दिग्दर्शकाचा ‘जैत रे जैत’ आला. इथे कॅमेरा सरळ ठाकर आदिवासींच्या पाड्यावर गेला. नाग्या आणि चिंधी, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीवरचं वैर, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गैर-आदिवासी पात्राच्या डोळ्यांतून पाडा बघायची सोय या सिनेमानं ठेवली नाही, हे तेव्हा मोठंच पाऊल होतं. पण नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. दोघांचं काम अप्रतिम. कथा गो. नी. दांडेकरांची. म्हणजे पहिला थर भरला, दुसराही भरला आणि तिसऱ्या थरातल्या प्रमुख नावांत एकही ठाकर नाही. ‘मग काय झालं?’ असं कुणी विचारलं तर त्या चित्रपटापुरतं उत्तर ‘फार काही नाही’ असं देता येईल. पण पुढची तीस-चाळीस वर्षं हेच होत राहिलं, की अडचण एका चित्रपटाची उरत नाही.

डुक्कर, शाळा आणि राष्ट्रगीत

हा नकाशा उलटा धरला तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’नं. चित्रपट २०१३ चा, गावोगावच्या थिएटरात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला हा दिग्दर्शक, पहिलाच मोठा चित्रपट. कॅमेरा उतरतो कचरू माने या कैकाडी मजुराच्या घरात, गावाच्या कडेला. घरात टोपल्या विणल्या जातात, मुलीच्या लग्नाचा खर्च अंगावर आलाय, पोरगा जब्या शाळेत जातो आणि शालूवर जीव टाकतो. घरातल्या घरात माणसं कैकाडी बोलतात, गावाशी मराठी. या एवढ्या एका निवडीनं केवढं काम होतं बघा. मराठी प्रेक्षकाला आपल्याच भाषेतल्या सिनेमात उपशीर्षकं वाचावी लागतात आणि मिनिटभर का होईना, या घरात पाहुणे आपण असतो.

कुटुंबावर गावानं डुकरं पकडायचं काम टाकलंय. जब्याला ते शालूच्या आणि वर्गातल्या पोरांच्या देखत करायचं नाही. तो लपतो, आडोसे शोधतो. डुकरामागे अख्खं घर धावतं आणि गाव कडेला बसून तमाशा बघतं. अशात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो. त्याचं बघून बाकीचेही ताठ उभे राहतात. हातातोंडाशी आलेलं डुक्कर समोरून निवांत निघून जातं.

हा प्रसंग थिएटरात बघताना लोक आधी हसतात. मग हसू अर्ध्यावर थांबतं. एका शब्दाचंही भाषण नाही, तरी राष्ट्र या घराकडून काय मागतं आणि या घराला काय देतं, दोन्ही एकाच फ्रेममध्ये आलं. असा प्रसंग बाहेरून आलेल्या लेखकाला सुचलाच नसता असा दावा मी करणार नाही. पण त्याला बहुधा कचरूच्या डोळ्यांत पाणी दाखवावंसं वाटलं असतं. पुढे मारलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना शाळेच्या भिंतीवरची बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं मागून सरकत जातात. कॅमेरा त्यांच्याकडे बोट दाखवत नाही, वाटेत भिंत आहे म्हणून ती दिसतात. आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या दिशेनं येतो. आपण बसलोय त्या दिशेनं.

जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कारात बालकलाकाराचा सन्मान मिळाला. वडिलांचं काम मात्र मुरलेल्या किशोर कदमांनी केलं. म्हणजे ‘सगळे नवखे गावातलेच हवेत’ असा काही नियम इथे नव्हता. प्रत्येक निर्णयाच्या वेळी तिथं त्या घराची खडान्‌खडा माहिती असलेलं कुणीतरी हजर होतं, एवढंच.

आवाज कुणाचा?

प्रतिनिधित्वाबद्दल बोलताना चेहऱ्यांवर खूप लिहिलं जातं, आवाजावर फार कमी. म्हणून इथे जरा थांबू.

सिनेमात आवाज दोन तऱ्हेनं येतो. एक, चित्रीकरण झाल्यावर कलाकार स्टुडिओत बसून पडद्याकडे बघत संवाद पुन्हा म्हणतो, त्याला डबिंग म्हणतात. दोन, चित्रीकरणाच्या जागीच खरा आवाज टिपतात, ते सिंक साउंड. डबिंग स्वस्त आणि सोयीचं, पण त्यात गाव धुऊन निघतं. धाप लागलेल्या माणसाचं वाक्य एसी खोलीत बसलेला माणूस म्हणतो. मागचा बैल, हातपंपाची करकर, लांबून येणारी मोटारसायकल, हे सगळं तयार आवाजांच्या साठ्यातून येतं. बोलीचंही तेच होतं. स्टुडिओत एक ‘गावरान’ भाषा तयार झाली, थोडी कोल्हापूरकडची, थोडी कुठलीच नाही, आणि ती नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना लावली. प्रत्यक्षात नागपूरकडचा माणूस ‘काय करून राहिला?’ विचारतो, सोलापूर-लातूरकडचा ‘काय करायलास?’ आणि मालवणकडचा ‘काय करतंस?’. जुन्या चित्रपटांत तर आणखी गंमत असायची. शिकलेला नायक पुस्तकी मराठीत प्रेम करायचा आणि त्याचा सख्खा भाऊ किंवा घरगडी त्याच घरात ‘व्हय जी’ म्हणायचा. एका पंगतीत जेवणारी दोन माणसं दोन भाषा बोलतायत, यात प्रेक्षकालाही काही खटकायचं नाही, कारण कुणाला माणूस समजायचं आणि कुणाला विनोद, हे भाषेनंच ठरवून दिलेलं असायचं.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’नं हे मोडलं. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाला विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला आणि जागेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या महावीर सब्बनवाल यांनाही पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकानं यासाठी स्वतःची शेतजमीन विकल्याची हकिकत तेव्हा सगळीकडे छापून आली होती. तिसरा थर म्हणतात तो असा सातबाऱ्यापर्यंत जातो. ज्याच्याकडे विकायला जमीन आहे, तो निदान एक सिनेमा काढू शकतो. ज्या घराचं नावच सातबाऱ्यावर कधी आलं नाही, त्यानं काय विकायचं? फिरस्त्या माणसांच्या सिनेमात एक अडचण आणखी आहे. कॅमेऱ्यानं ‘घरात’ मुक्काम करायचा तर घर रोज संध्याकाळी नव्या रानात मांडलं जातं. मेंढरांचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, उघड्यावरचा वारा, हेच तिथलं माजघर. ते डब केलं असतं तर कुटुंबच पुसलं गेलं असतं.

आर्ची, सर आणि थोबाडीत

आता जरा अवघड गोष्ट. एकच माणूस एकाच वेळी वरही असू शकतो आणि खालीही. अमेरिकी कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये यावर मांडणी केली आणि तिला इंग्रजीत ‘इंटरसेक्शनॅलिटी’ असं नाव मिळालं. आपल्याकडे हे त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधी लिहून झालंय. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, असं तिनं त्यात लिहिलं. बाई म्हणून होणारा त्रास आणि जातीमुळे होणारा त्रास ती वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधत नाही.

‘सैराट’ (२०१६) बघताना हे ध्यानात ठेवलं तर आर्ची जास्त कळते. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन शेतात येणारी, पोराला स्वतःहून बोलणारी मुलगी मराठी पडद्यावर आली म्हणून सगळे खूश झाले, मीही झालो. अकलूजच्या रिंकू राजगुरूनं ती भूमिका अशी केली की राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. पण आर्चीचा तो बिनधास्तपणा येतो कुठून? ती पाटलाची लेक आहे, अख्खं गाव वडिलांना वचकून आहे. ती ज्याच्या प्रेमात पडते त्या परश्याच्या बहिणीनं बुलेट काढली असती तर? गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत संपली असती. आणि तीच आर्ची स्वतःचा नवरा निवडते तेव्हा घरच्या सत्तेची धार तिच्यावरच उलटते. बाई म्हणून ती त्या वाड्याची मालमत्ता होती, हे तेव्हा उघडं पडतं.

याच सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. वर्गात फोनवर बोलणाऱ्या पोराला लोखंडे सर हटकतात. पोरगा असतो पाटलाचा प्रिन्स, आर्चीचा भाऊ. तो सरांच्याच थोबाडीत मारतो. पुढे त्याचं काहीही बिघडत नाही. सरांचं आडनाव, त्यांची नोकरी, त्यांचं शिक्षण, आणि समोर कालचं पोरगं. जातीचं नाव न घेता जात काय असते, ते त्या एका चापटीत आहे. परश्याच्या दोन मित्रांकडेही बघा. सल्या मुस्लिम आहे आणि लंगड्या पायानं अधू. त्या दोघांना कुणी ‘विषय’ करत नाही. ते विहिरीत पोहतात, चिठ्ठ्या पोचवतात, मार खातात, वेळ आली की पळतात. अधू पोराला गाव ज्या नावानं हाक मारतं त्याच नावानं सिनेमाही मारतो, त्यावर पांघरूण घालत नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. ते खटकणारी माणसंही माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचंही खोटं नाही.

पुढे दोघं पळून हैदराबादला जातात आणि झोपडपट्टीतल्या खोलीत कॅमेरा दीर्घ मुक्काम करतो. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परश्या डोशाच्या गाडीवर. ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ २०१८ मध्ये आला, गोष्ट उदयपूरला गेली, ‘झिंगाट’ही सोबत गेलं. जातीची धार मात्र बोथट झाली, उरलं ते बड्या घरची मुलगी आणि साध्या घरचा मुलगा. ‘जातपात कशाला आणता, गोष्ट बघा’ म्हणणाऱ्यांना हे दोन सिनेमे पाठोपाठ दाखवावेत. जात काढली की गोष्टीतला तो शेवट का होतो, हेच कळेनासं होतं.

तसं बघितलं तर ‘जात नसलेला’ ग्रामीण सिनेमा नसतोच. ज्यात जातीचा उल्लेख नाही त्यात आडनावं बघा, देवघर बघा, पाणी कुठून येतं बघा, जमीन किती एकर आहे बघा. एकाच घराची जात सवयीनं दिसेनाशी झालेली असते, बस.

मग फक्त त्या-त्या समाजानंच लिहायचं का?

नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगू भाषक छायालेखक, ‘सैराट’चं छायाचित्रण त्यांचंच. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नाळ’ला (२०१८) पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नदीकाठच्या गावातला चैत्या आणि त्याची आई यांच्यातला अवघडलेपणा त्यांनी ज्या नजाकतीनं धरला, तो मराठी मातृभाषा असलेल्या किती जणांना जमला असता कोण जाणे. ‘टिंग्या’मध्ये (२००८) शेजारच्या मुस्लिम घरातली रशिदा ही टिंग्याची जिवाभावाची मैत्रीण आहे, आणि हे शेजारपण सिनेमा कुठलाही गाजावाजा न करता दाखवतो. बाहेरचा माणूस लिहू शकतो, त्यानं मुक्काम केलेला असला म्हणजे झालं. धावती भेट लगेच ओळखू येते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. उपेक्षितांच्या घरात कॅमेरा शिरला, तो बहुतेक वेळा दुःख गोळा करायला. देवाला सोडलेले जोगते-जोगतिणी, स्मशानात काम करणारं कुटुंब, बँडवाल्याचं पोर, कर्जात बुडालेला शेतकरी. यांतले बरेच सिनेमे उत्तम आहेत, पुरस्कारही त्यांना मिळाले. पण वाड्यातल्या माणसाला सिनेमात रुसायला, आळस करायला, फालतू विनोद करायला मोकळीक असते आणि वस्तीतल्या माणसानं पडद्यावर आल्या आल्या सोसायला लागायचं, ही वाटणी बरोबर नाही.

म्हणून रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मला महत्त्वाचा वाटतो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक जमतात, सुतकाचे नियम सांगतात आणि तोंडी लावायला ‘लग्न कधी?’ हा प्रश्न असतोच. आनंदला पुरुष आवडतात. गावात त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या आहे, त्याच्यावरही लग्नाचा दबाव आहे. इथे मारहाण नाही, गावजेवणात अपमान नाही. दोघं शेळ्यांमागे हिंडतात, बोलतात, गप्प बसतात. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे.

सुतक हे कौटुंबिक नाट्याला किती सोयीचं आहे, हेही बघा. दहा दिवस कुणाला घराबाहेर पळता येत नाही, प्रत्येक नातेवाईकाला सल्ला द्यायचा हक्क असतो आणि दुःखामुळे कुणाला उलट बोलता येत नाही. दिग्दर्शकानं स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या अनुभवातून ही गोष्ट घडवली. आपल्या पडद्यावर आजवर गावातल्या बायकी पुरुषाच्या वाट्याला तमाशातला नाच्या म्हणून हशा आला. इथे त्याच गावात दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि हसायला कुणी बसलेलं नाही.

अजून न उघडलेलं दार

साखर कारखान्याचा चेअरमन मराठी सिनेमानं पोटभर दाखवला. ऊसतोड कामगाराचं घर मात्र अजून जवळपास कोरंच आहे. कौटुंबिक नाट्य म्हणून याहून भक्कम सामान कुठे मिळणार? बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं तोडणीला निघतात आणि हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्याच्या भागात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. तिथं मजुरी माणसावर नाही, जोडप्यावर ठरते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात आणि फेडायची दोघांनी. पहाटे उसाच्या फडात, दुपारी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, संध्याकाळी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचं, मग बाईनं चूल पेटवायची. एक दिवस एकानं दांडी मारली तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीवर चढतो. म्हणजे बाई आजारी पडली तर कोयता मोडतो. लेकरं गावी म्हाताऱ्यांपाशी ठेवायची की सोबत आणायची, पोरगी मोठी झाली की तिचं लग्न करून नवा कोयता करायचा का, आजी-आजोबा किती वर्षं पुरतील, हे निर्णय दर हंगामाला घ्यावे लागतात. नवरा-बायकोचं नातं, घरातली सत्ता, मजुरी आणि शरीर, चारही गोष्टी एकाच हिशेबाच्या वहीत आहेत.

ही गोष्ट पडद्यावर आणायची तर युनिटला पाच-सहा महिने फडाफडानं हिंडावं लागेल. आवाज जागेवरच टिपावा लागेल, कारण फडातली सळसळ आणि गाडी भरताना एकमेकांना दिलेल्या हाका स्टुडिओत मिळणार नाहीत. शिवाय लेखकाला पहिल्याच पानावर एक पेच सोडवावा लागेल. या सिनेमातलं गाव कुठलं धरायचं? आजी-आजोबा आणि कुलूपबंद घरं मागे राहिलेलं बीडकडचं, की कारखान्यालगतच्या कोप्यांचं, जिथे हे कुटुंब वर्षाचे निम्मे महिने राहतं, पण त्यांचं रेशनकार्ड तिथलं नाही आणि मतही तिथे नाही?